शनिवारचं पीठ

दि. ९ ऑगस्ट

चि. ढब्बू यास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र जिन्यात उभ्या-उभ्या वाचू नकोस, पडशील. आधी खोलीत जा, बूट काढ, खाली बस. बसलास? तुझी ताई लग्न करतेय. हो, तीच, जिच्यासाठी स्थळं बघणं आत्याने केव्हाच सोडून दिलं आणि जिच्या वेणीत आता काळ्यापेक्षा पांढरं जास्त आहे.

नवरदेव तुझ्या ओळखीचे आहेत. आपले पोस्टमन. लहानपणी तू त्यांच्या सायकलमागे धावायचास आणि ते मुद्दाम हळू चालवायचे. तुझी पत्रं इतकी वर्षं त्यांनीच आणून दिली. तू लिहायला उशीर केलास की ते दारात थांबून सांगायचे, आज काही नाही. मला वाटायचं, काय कामसू माणूस आहे! नंतर कळलं की ज्या घरी काही नसतं तिथे पोस्टमन थांबत नाही. एवढी साधी गोष्ट तुझ्या हुशार ताईच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. हस, मनसोक्त हस.

लग्न ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेनंतर लगेच. पाळकसाहेब म्हणाले, उशीर होईल, लोकांना भुका लागतील, दुसरा दिवस धरा. मी हटून बसले. का ते तुला कळलं असेल, तरी लिहिते, कारण आपल्या घरात न बोलता राहिलेल्या गोष्टी काही थोड्या नाहीत.

आईचा कायदा आठवतो ना? पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावर जाणारी भाकर आपल्या भट्टीतून जाते, आणि तिचं पीठ शनिवारी मळायचं. ज्याच्या घरात कुणाशी बिनसलंय त्याने त्या पिठाला हात लावायचा नाही. आधी मिटवायचं, मग मळायचं. तू माझा कंगवा मोडलास तेव्हा आईने आपल्याला परातीच्या दोन बाजूंना उभं केलं होतं, आणि मी हात पुढे करेपर्यंत तू माझ्याकडे बघत नाक ओढत होतास.

आईला पुरून आलो त्याच संध्याकाळी बाबा ते पीठ मळायला उभे राहिले. तू भरल्या घरात त्यांना म्हणालास, तुम्ही माणूस नाही, दगड आहात, आणि बॅग उचललीस. त्यानंतर बाबांनी त्या पिठाला हात लावलेला नाही. रोजचे पाव करतात, बिस्किटं करतात, गिऱ्हाइकांशी हवापाण्याचं बोलतात. पण ते पीठ मी मळते. देवळात भाकरीची ताटली समोर आली की बाबा ती शेजारच्याकडे सरकवतात. माझी भाकर कशी होते विचारू नकोस. मंडळीच्या अंगी सहनशीलता आहे. पाळकसाहेब तुकडा मोडताना दोन्ही कोपरांचा जोर लावतात.

मला आहेर नको, साडी नको. मला तुम्ही दोघं त्या मेजापाशी हवे आहात. ये रे. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो पत्राऐवजी तोंडावर दाखवायला ये.

तुझी
ताई


दि. २० ऑगस्ट

ती. ताईस, प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

बूट काढून, खाली बसून वाचलं. मग उठून खोलीत फेऱ्या मारल्या, आणि खोली एवढीशी असल्यामुळे दोन वेळा पलंगाला गुडघा आपटला. इतका आनंद मला कधी झाला होता आठवत नाही. पोस्टमनसाहेबांना सांग, सायकलवर ताईला डबलसीट नेताना हळू चालवायची सवय आता कामी येईल. आणि तुझी भाकर मी खाल्लेली नाही, पण तुझे पहिले पाव खाल्ले आहेत, त्यामुळे पाळकसाहेबांबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटते.

माझं बरं चाललंय. लिफ्टदुरुस्तीत आता मला एकट्याला पाठवतात. दिवसाचा बराच वेळ लिफ्टखालच्या खड्ड्यात, नाहीतर छतावरच्या मशीनच्या खोलीत जातो. हाताचं ग्रीस कितीही घासलं तरी नखांच्या कडेला राहतं. परवा एका इमारतीत खाली बेकरी होती. वरच्या मजल्यावरून लिफ्ट खाली आणत होतो आणि त्या पोकळीतून ताज्या पावाचा वास वर आला. मी मधेच लिफ्ट थांबवली आणि तसाच उभा राहिलो. वरून कुणीतरी ओरडलं तेव्हा भानावर आलो. ताई, मला घरची फार आठवण येते. हे मी तुलाच लिहू शकतो.

देवळात जातो. मागच्या बाकावर बसतो. गाणी म्हणतो, प्रार्थनेला डोळे मिटतो, आणि मेजाची वेळ आली की उठून बाहेर पडतो. इथल्या लोकांना वाटतं मला कामावर जायचं असतं. आईचा कायदा मलाही लागू आहे ना? तिने फक्त बाबांसाठी केला नव्हता.

पण येणं मला जमणार नाही. मी डोळे मिटले की तेच दिसतं. आईची खोली रिकामी, ओसरीवर लोक बसलेले, आणि बाबा बाह्या वर करून पीठ मळतायत, रोजच्यासारखे. त्यांनी एक दिवस भट्टी बंद ठेवली असती तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या कुणी भाकर केली असती. तिच्यासाठी एक दिवस नाही मिळाला त्यांना. एका शब्दाने त्यांनी बोलावलं असतं तरी मी आलो असतो. नाही बोलावलं.

रागावू नकोस. माया कमी करू नकोस, तीच माझ्या पदरी उरली आहे.

तुझा
ढब्बू


दि. २९ ऑगस्ट

चि. ढब्बूस अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तुला राग येईल, येऊ दे. आपल्या घरात सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे असं समजतात. मला कंटाळा आला आहे.

बाबा भट्टीतली राख ओढत होते. वासाचं ऐकताना थांबले. मागच्या बाकाचं ऐकून मान खाली घातली. भट्टी बंद ठेवली असती तर काय बिघडलं असतं, हे वाचलं तेव्हा मात्र खुर्ची ओढून बसले. तुला ठाऊक आहे, बाबा दिवसाउजेडी भट्टीसमोर कधी बसत नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. बाबांना एका दमात इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आई गेली शुक्रवारी. गुरुवारी ती अंथरुणावरून उठली होती, आठवतं? आपण दोघं दवाखान्यात औषध आणायला गेलो होतो. ती भिंत धरत धरत भट्टीपर्यंत आली. बाबा ओरडले, पण तिने ऐकलं नाही. बरणीतलं खमीर काढलं, आपल्या हाताने त्यात पीठ कालवलं, वर ओलं फडकं घातलं आणि बाबांना म्हणाली, शनिवारपर्यंत बरोबर येईल, तेवढं बघा. मग जाऊन पडली ती पुन्हा उठली नाही.

शनिवारी आपण तिला पुरून आलो तेव्हा ते फुगून काठावर आलं होतं. बाबा म्हणाले, पिठाला काय कळतंय ती गेली म्हणून. ते तसंच ठेवलं असतं तर रविवारपर्यंत आंबट होऊन फेकावं लागलं असतं. तिचा हात लागलेलं शेवटचं होतं ते. ते मला फेकवेना, म्हणाले.

ढब्बू, मी तिथेच पाण्याच्या बादलीवर बसून रडले. मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, कुणी विचारलं नाही. आता या माणसाला काय करावं सांग.

आणखी एक विचारलं. म्हटलं, तुमच्या मनात त्याच्याबद्दल अढी आहे का, म्हणून हात लावत नाही? त्यांनी मान हलवली. म्हणाले, माझ्या नाही, त्याच्या मनात माझ्याबद्दल आहे, आणि ते मला ठाऊक आहे. ठाऊक असताना हात कसा लावू?

तू खाल्ली नाहीस ती भाकर मी खाल्ली होती. आईच्या हाताची चव होती, आणि तेव्हा मला कळलं नव्हतं का ते. त्याच पिठातलं थोडं मागे ठेवून मी दर वेळी पुढचं लावत आले आहे, ते खमीर अजून बरणीत आहे.

आता तरी ये. तुझी जागा राखून ठेवली आहे, प्रार्थनेत आणि बाकावरही.

तुझी
ताई


दि. ८ सप्टेंबर

ती. ताईस सलाम. वि. वि.

थोडंच लिहितो. तुझं पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

बाबांना लिहायला बसलो आणि कागद फाडले. काय लिहू? गुरुवारी आपण औषध घेऊन आलो तेव्हा आईच्या बोटांना पीठ लागलेलं मी पाहिलं होतं. मीच ते ओल्या रुमालाने पुसलं. विचारलं नाही कशाचं आहे म्हणून. आणि शनिवारी त्यांना दगड म्हणालो.

कोणत्या तोंडाने येऊ? त्या दिवशी ओसरीवर बसलेले सगळे तुझ्या लग्नाला येतील. त्यांच्यासमोर बाबांच्या शेजारी उभं राहायची माझी हिंमत नाही. मला सुट्टी मिळाली नाही असं बाबांना सांग. मिळाली आहे, पण तसं सांग.

लग्न चांगलं होऊ दे. त्या दिवशी मी इथून तुमच्यासाठी प्रार्थना करीन. या नालायकाला मनातून काढू नकोस.

तुझा
ढब्बू


शनिवार, दि. ४ ऑक्टोबर

चि. ढब्बूस अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुला मिळेल तोवर बाबा तुझ्यासमोर असतील, म्हणजे देवाच्या कृपेने बस चुकली नाही तर. तरीही लिहितेय, कारण आत्ता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि पोस्टमनसाहेब खुर्च्या परत करायला गेले आहेत.

खोटं बोलणं मला जमत नाही हे तुला माहीत असायला हवं होतं. सुट्टीचं सांगताना मी बाबांकडे न बघता परात पुसत होते. ते म्हणाले, बरं.

आज सकाळी मी पीठ काढलं तर बाबा मागून आले आणि म्हणाले, सरक, लेकीच्या लग्नाची भाकर मी करतो. मला वाटलं देवाने ऐकलं. त्यांनी बाह्या वर केल्या, खमीर घातलं, पाणी घातलं, मळायला लागले. काय हात चालत होते! मी दाराशी उभी राहून बघत होते. पीठ जमून आलं, आणि ते एकदम थांबले. दोन्ही हात पिठात तसेच ठेवून उभे राहिले. मग विचारलं, त्याच्या गावाची बस कुठून सुटते?

मी म्हटलं, बाबा, उद्या लग्न आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, तुझं लग्न एक महिना थांबेल का? इतकं हळू विचारलं, जसं एखादं लहान मूल विचारतं. मी म्हटलं, पीठ जमून आलंय, संध्याकाळपर्यंत फुगेल, भट्टी तुम्हीच सांभाळता, मला एकटीला भाजायला जमणार नाही, वाया जाईल. तर म्हणाले, जाऊ दे वाया.

ऐकलंस ना? आईला पुरलं त्या दिवशी ज्याने पीठ वाया जाऊ दिलं नाही, तो माणूस म्हणाला, जाऊ दे वाया.

मी रडत रडत त्यांची पिशवी भरली आणि पोस्टमनसाहेबांना बोलावणं धाडलं. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी सायकलवरून स्टँडवर सोडतो, पण आज हळू चालवून भागणार नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, उद्याची भाकर बाजारातून आणू. मला वाटतं त्यांना थोडा आनंद झाला.

बाबांनी हात नीट धुतलेसुद्धा नाहीत. मनगटाला पीठ तसंच आहे. त्यांना गरम पाणी दे, आणि तू आधी बोल, ते सुरुवात करतील अशी वाट बघू नकोस. पीठ परातीवरून खाली यायला लागलंय. मी त्याला हात लावत नाही.

तुम्हा दोघांची वाट बघणारी
ताई


दि. ७ ऑक्टोबर

ती. ताईस, प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. बाबा रविवारी सकाळी आले. मी दार उघडलं तर ते धापा टाकत उभे. चार मजले चढून आले होते. मी विचारलं, लिफ्ट का नाही घेतलीत, तर म्हणाले, तिचा दरवाजा नीट लागत नाही. मी स्वतः दुरुस्त केलेली लिफ्ट आहे ती.

मी आधी बोललो नाही. त्यांचे हात हातात घेतले, गरम पाण्यात बुडवले आणि मनगटावरचं वाळलेलं पीठ चोळून काढत बसलो. आईच्या बोटांचं पुसलं होतं तसंच. मग पाण्यात बघूनच म्हणालो, बाबा, मला माफ करा. ते म्हणाले, कधीच केलंय रे, फक्त सांगायला यायला उशीर झाला.

उपासनेला मागच्या बाकावर बसलो. मेजाची वेळ झाली तसा मी सवयीने उठलो, तर बाबांनी सदऱ्याचं टोक धरून खाली बसवलं. ताटली आली. त्यांनी घेतलं, मी घेतलं. भाकर अगदी साधी, दुकानातली. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, कच्ची होती. आणि तिथेच, देवळाच्या पायरीवर, आई गेल्यावरही मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसे रडले. म्हणाले, तिला दाखवायचं होतं हे. मलाही, ताई. मला आत्ता आई फार हवी होती.

सोमवारी सुट्टीचा अर्ज पुन्हा दिला. येत्या शनिवारी बाबांना घेऊन येतोय, आणि लग्नाला तर येईनच. पोस्टमनसाहेबांना सांग, आता दारात थांबायला कारण लागणार नाही. खाली बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत. पेन मागून घेतलंय, म्हणजे मोठीच गोष्ट आहे.

तुझा
ढब्बू

बाळ, आशीर्वाद. बरणीतल्या खमिराला आज पीठ घाल आणि ओलं फडकं टाक. लग्नाच्या आदल्या शनिवारी तू मळू नकोस. परातीच्या या बाजूला मी उभा राहीन, त्या बाजूला तो.

बाबा