देवघराच्या भिंतीतला मासळीचा वास

माय, आज मी इतकी खूश आहे की दूध उतू गेलं तरी हसतच बसले. आपल्या देवघरात यायचा तो सडक्या मासळीचा वास आठवतो? शी! लिहितानाही तोंड वाकडं होतं. तो मागच्या बिऱ्हाडातल्या बाईकडचा नव्हताच व माय. आपल्याच विजेच्या बटनाचा होता.

राज्य बदललं, आदिलाबाद तेलुगू मुलखात गेलं, अन् आपल्या मागच्या खोल्यांत तिकडच्या एका साहेबाची बायको भाड्यानं राहायला आली. माझ्या शाळेतही तेलुगू सुरू झालं होतं. तीच मला जवळ बसवून अक्षरं गिरवून घ्यायची, वर वेणीही घालायची, अन् तिच्या तेलाचा वास किती छान, पण ते राहू दे. त्याच पावसाळ्यात आपल्याकडे वीज आली. देवघरातलं ते काळं बटन कोणाकोणाच्या हातचं म्हणून तू रोज आंघोळ झाली की ओल्या फडक्यानं पुसायचीस. बोटाला मुंग्या आल्या की म्हणायचीस, विटाळच आहे, अन् आणखी पुसायचीस. मग वास सुटला. उदबत्तीत मिसळला की ओकारीच यायची. तू ठरवलंस, हा तिच्याच चुलीवरच्या मासळीचा.

अजून दिसतं, तू मोरीच्या दारात उभी आहेस, तिनं दिलेली लोणच्याची बरणी मोरीत उपडी करतेस.

"अक्का, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," ती म्हणते.

"मंग हा वास काय माह्या देवघरातून येऊन राह्यला?"

तिथूनच येत होता, माय! माझी नात कॉलेजात विजेचंच शिकते. काल म्हणाली, "आजी, ते बटन राळेसारख्या मालाचं. तापवून दगडासारखं कडक केलेलं, पण कडक झालं तरी ओल पितं. आत ओल मुरली की वीज अडवायचं सोडून झिरपू देतं. मग तापतं, करपतं अन् मासळीसारखं घाण मारतं." तू पुसत गेलीस, ते पीत गेलं.

आठवड्यात तिनं खोल्या सोडल्या. अक्षरं अर्ध्यावर राहिली, मी वर्गात मुकी बसायचे, अन् तू शाळाच सोडवलीस. त्या बरणीची, त्या तुझ्या तोंडाची मला अजून किळस येते, माय. तरी आनंद आहे. ती त्या आळातून सुटली.

पण सांगू कोणाला? तू देवाघरी गेलीस, तुला धाडायची सोय नाही, तिचा पत्ता आपण घेतला नाही. अन् खरं सांगते, आज सकाळी बाजारात मासळीचा वास आला तेव्हा बटन नाही आठवलं. तीच आठवली, अन् मी पदर नाकाला लावला.