दिवाळीआधी तोडलेला बांबू

आई,

मी पत्रूभाऊंच्या गावी चालले आहे. दुपारच्या गाडीने परत येईन. भात कुकरमध्ये आहे. पत्रूभाऊंनी बांधलेलं कुंपण पडलं तिथे जुनी मच्छरदाणी लावली आहे, म्हणजे बकऱ्या वांग्यात शिरणार नाहीत. पडलेले बांबू सरपणात ठेवू नका, त्यांना पोखरणारा घुण बाकीच्या लाकडालाही लागेल.

परवा तुम्ही पत्रूभाऊंना अंगणात म्हणालात, "सडका बांबू आमच्याच गळ्यात माराचा होता काय रे?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले. मी चहा गाळत राहिले.

बांबू सडका नव्हता. गेल्या भाद्रपदात, तोडायच्या आधी, ते मला म्हणाले होते, "बाई, आत्ताचा बांबू गोड राह्यते, घुण खाते त्याले. दिवाळी होऊ द्या." पावसाळ्यात बांबूत स्टार्च जास्त असतो, हे मी स्वतः वर्गात शिकवते. तरी कॉलेजची माणसं घरी येणार होती, त्यांना नवं कुंपण दिसावं म्हणून मीच घाई केली.

आता तुमचं ऐकून शेजारच्या रुखमाबाईंनीही पत्रूभाऊंकडचं काम काढून घेतलं आहे. काल जेवताना तुम्हाला सगळं सांगणार होते. तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

पत्रूभाऊ पुन्हा कुंपण बांधायला येत नाही म्हणाले, तर दुसऱ्या कुणाला बोलावू नका. कुंपण तसंच पडलेलं राहू द्या आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

दीपिका