माझा उजवा गुडघा

प्रिय भिंगरी,

स्पर्धा झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते कट करता येत नाही. 'जिउ-जित्सू सोडतेय' एवढाच मेसेज तू आईला टाकलास. तुझ्या या गादीवरच्या कुस्तीला 'लोळणं' म्हणत कायम नाक मुरडणारी तुझी आई दोन दिवस तोच मेसेज पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

बाकी ठीक. दुकानात दोन सोफे शिवायला आलेत. उरल्यासुरल्या फोमची तुझ्यासाठी शिवलेली गादी मागच्या खोलीत अजून अंथरलेलीच आहे. तिच्यावरच तू मला गार्ड म्हणजे काय ते शिकवलंस. पाठीवर पडलो तरी आपले पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये आहेत, तोवर आपण हरलो नाही. तो पायांना वळसा घालून आलाच, तर उताणं राहायचं नाही. कुशीवर वळायचं, कंबर मागे सरकवायची आणि गुडघा पुन्हा मध्ये घुसवायचा. क्लब आठवड्यातून दोनच दिवस, त्यामुळे तू नोकरीला जाईपर्यंत चार वर्षं रोज संध्याकाळी तुझ्यासमोर मीच. मी वळसा घालायचो आणि तुझा गुडघा माझ्या पोटात! नव्वद किलोचा बाप हिला ओलांडू शकत नाही, अशी फुशारकी मी गिऱ्हाइकांपुढेही मारली आहे.

तुझ्या लढतीचा व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. त्या मुलीने तुला तीनदा ओलांडलं, तिन्ही वेळा तुझ्या उजवीकडून. डावीकडून आली तेव्हा तू तिला अश्शी परतवलीस की मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत बसलो. मग एकदम लक्षात आलं आणि टाळ्या थांबल्या.

भिंगरी, चूक माझी आहे. आपल्या सरावाच्या सुरुवातीलाच मी शिडीवरून पडलो, तेव्हापासून माझा उजवा गुडघा जमिनीला टेकला की जीव जातो, आणि तुझ्या उजवीकडून यायचं तर मला तोच टेकावा लागतो. तुला सांगितलं असतं तर तू सराव बंद केला असतास, आणि तुझ्यासोबतचा तो अर्धा तास मला सोडवत नव्हता. म्हणून चार वर्षं मी तुझ्या डाव्या बाजूनेच येत राहिलो. उजवी कच्ची राहिली ती माझ्या लबाडीने. सोडायचंच तर खुशाल सोड, पण माझ्या गुडघ्यापायी नको. काल आईला सगळं सांगून टाकलं. तिने आधी माझी यथेच्छ हजेरी घेतली, डॉक्टरची वेळ ठरवली, मग केस वर बांधून गादीवर बसून पाहिलं. तिचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत. रविवारी ये. ती उजवीकडून येणार आहे, आणि ती माझ्यासारखी दयाळू नाही.

तुझाच,
डावीकडचा बाबा