कॅरिसची आत्या

८ जाने., गुरु.
भाची परवा झाली, नाव आज कळलं. तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, बर्थ सर्टिफिकेटच्या फोटोतून! कॅरिस. कॅरिस नीलेश कुलकर्णी. लगेच फोन केला. नीलेश म्हणे, ताई, पासपोर्टची घाई होती. अरे, नाव आत्या ठेवते ना? अकरा नावांची यादी पाठवली होती. ब्लू टिक आल्यात, मी पाहिल्यात.

९ जाने., शुक्र.
गुगल केलं. वेल्श नाव. म्हणजे इंग्लंडला चिकटून तो वेल्स आहे, तिथलं. त्यांच्या भाषेतल्या ‘प्रेम करणं’वरून जुळवलेलं. बरं, पुराणातलंही नाही, गेल्या शतकातलं! प्रेमच हवं होतं तर यादीत प्रीती होती, स्नेहा होती. डोकं नुसतं तापलंय. आईला पुण्याला फोन. तिला म्हणे गोड वाटलं. घ्या.

११ जाने., रवि.
अबू धाबीला गेले, रीम आयलंडवर, डिंकाचे लाडू घेऊन. बोलायचं ठरवूनच. सायली बाळाला पाजत होती. विचारलं, आपल्या घरात हे नाव आणलं कुणी?
“ताई, नऊ तास माझा हात धरून बसलेल्या नर्सचं नाव आहे ते.”
आवाजसुद्धा चढवला नाही. डबा टेबलावर ठेवला, निघाले.

१३ जाने., मंगळ.
राग जात नाहीये. मला काय स्वप्न पडलं होतं? तीन आठवडे आधी कळा. नीलेश सौदीत टूरवर, तिच्या आईचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. मान्य, इथे तिचं म्हणून मी एकटीच. पण मी इकडे शारजात, हमरियाच्या ऑफिसात, ऑडिट चालू. सकाळी नऊला तिचा फोन. म्हटलं, पहिलटकरणीला वेळ लागतो गं, संध्याकाळी येते, इन्शाल्ला.
ऑडिट दोनला संपलं. मग सगळे जेवायला गेलो. मीही.

१६ जाने., शुक्र.
ठरलं. पाळण्यातलं नाव वेगळं ठेवतातच की. सर्टिफिकेट त्यांचं, कान माझा. स्नेहा सांगणार. नीलेशला बोलले नाही.

१८ जाने., रवि.
बारसं. पाळणा भाड्याचा, आई व्हिडिओवर. मी वाकले. पोरगी टक्क जागी. दोन दिवस घोकलेलं, तरी क्षणभर...
कुर्रर्र केलं. नाव सांगितलं. कोणतं, ते इथेही लिहिणार नाही.
मग आत्याच्या पाठीत धपाटे, रिवाजाप्रमाणे. बायका खिदळत होत्या. एक मात्र चांगलाच जोरात बसला. वळून पाहिलं तर सायली. हसत नव्हती.