भागिरथा मावशीची पहिली सही

वाशीम,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय भागिरथा मावशी,
मनापासून जय भीम.

तब्येत कशी आहे? गुडघ्याचं तेल मेडशीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं होतं, भेटलं का? तिकडं पाऊस उघडला म्हणतात, म्हणजे सोयाबीन सोंगायले येईल आता. मी बरी आहे. आई म्हणे फोन कर. तीनदा केला, तू उचलला नाही. म्हणून लिहून राह्यली. शुद्ध लिहायले बसली होती, पण तुझ्यासंगं शुद्ध बोलणं मले जमत नाही.

ऑफिसची बातमी अशी, का आमच्या संस्थेच्या पेजवर तुझ्या 'पहिल्या सही'चा व्हिडिओ चार लाख लोकाईनं पाह्यला. देणगीदार आणखी पाच गावांत बायाईचे वाचनवर्ग काढू म्हणतात. सायबानं मले सगळ्यांपुढं उभं करून टाळ्या वाजवल्या. हे सांगायले चिठ्ठी नाही लिहिली मी. तरी पाह, पहिले हेच लिहिलं.

परवा स्टँडवर तुझा धम्मरत्न भेटला. म्हणे, "आई यंदा विहारात ग्रंथ वाचायले जात नाही. तिच्या जाग्यावर सरिता वाचते." मी विचारलं, काहून? तर म्हणे, "पोट्टे मोबाइल दाखवतात अन् इचारतात, बुढीनं आत्ता सही शिकली, तं इतके वर्सं वाचत काय होती? पाठ करून ठोकत होती काय?" एवढं बोलून तो गाडीत बसला. माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.

बावीस वर्षं झाली मावशे तुले वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, वाचताना. तू पान उलटलं का विहारातल्या बाया चूप होतात. अन् मी तुले अडाणी करून टाकलं.

व्हिडिओच्या दिवशी वाचनवर्गातल्या लखमाबाईनं खरंच आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं. चार मिनिटं लागले. 'ख' तीनदा पुसला. मले तीस सेकंदाचा व्हिडिओ पाहिजे होता. तेवढ्यात तू माझा डबा घेऊन आली, अन् मले तुझं अक्षर आठवलं. म्हटलं, मावशे, पहिले अंगठा लाव, मंग सही कर. तू म्हणाली, "माय, आमच्या बाबानं अंगठ्यापायी काय भोगलं, तुले माहीत नाही काय?"

माहीत होतं. माणिकराव आजोबा मजुरीवरून आले का अंगणात कोळशानं तुमा दोघी बहिणींकडून नाव गिरवून घेत. आपल्या घरात अंगठा कोणी लावायचा नाही, हे मी आईच्या तोंडून हजारदा ऐकलं. तरी म्हटलं, "सायबाचा हुकूम आहे, नाही केलं तं माझी नोकरी जाईल." चष्मा काढ म्हणून मीच सांगितलं. तू तो पदरात ठेवला अन् हात पुढं केला. तुझ्या डोळ्यात पाणी आलं. मी त्याच्याखाली लिहिलं, 'आनंदाश्रू'.

आता जे टाळून राह्यली ते लिहिते.

सायबाचा हुकूम नव्हता. ते म्हणाले होते, लखमाबाईचंच दाखव, वेळ लागला तं लागू दे. तुझं अक्षर तेव्हा आठवलं असं वर लिहिलं, तेही खोटं. लखमाबाईचं नाव होईल का नाही याचा मले भरवसा नव्हता. शाईचं पॅड मी आदल्या दिवशीच पर्समध्ये टाकलं होतं. डबा आण म्हणून फोनही त्याच्यासाठीच केला होता. तुझा अंगठा धरून मीच दाबला, मावशे. याची लय लाज वाटते मले.

काल सायबाले सगळं सांगितलं. व्हिडिओ पेजवरून काढून टाकला, पण गावोगावच्या ग्रुपवर गेलेला आता काही वापस येत नाही. माझ्या नोकरीचं उद्या ठरेल. माफीचा व्हिडिओ करायले गेली. तीनदा केला. तिसऱ्यांदा पाह्यलं, तं मी उजेड कोणत्या बाजूनं चांगला पडते ते शोधून राह्यली होती. पुसून टाकला. मंग कागद घेतला.

अश्विन पौर्णिमेले वर्षावासाचा समारोप आहे. मी येते. मागं, चपला काढतात तिथं बसते. तू चष्मा लाव, आपल्या जाग्यावर बस, अन् ही चिठ्ठी सगळ्यांपुढं वाच. दुसऱ्या कोणाले देऊ नको, सरितालेही नाही. गुडघ्याच्या तेलाचं सोडलं तरी चालते. पण 'सायबाचा हुकूम नव्हता' तिथं माझ्यासाठी आवाज बारीक करू नको. अन् खाली माझं नाव आहे, तेही वाच. माझा हात धरून तूच गिरवून घेतलं होतं ते.

तुले अंगठा लावायले लावणारी, तुझीच भाची
धम्मदीपा