बेटावरचा कौल

७ फेब्रुवारी १९३३. बोटीवर.
मुंबई सुटली एकदाची. रेल्वेनं सोयीचं झालं असतं, पण आक्काला समुद्र बघायचा होता. माझी थोरली बहीण, उचगावच्या शेताबाहेर कधी पडली नाही; तिला नाही कसं म्हणू? आता डेकवर पांघरूण घेऊन पडलीय आणि समुद्राला शिव्या देतेय.
थोरली लेक इंदू मुंबईच्या स्थळाला दाखवून झाली. मुलाची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून आम्हीच मुलगी घेऊन गेलो. पसंत आहे म्हणाले. मुलगा कसला, छत्तीसचा बिजवर, पदरात दोन पोरं. नोकरी मात्र पक्की, स्वभाव शांत. मी 'कळवतो' म्हणालो, पण होकार तोंडावर दिसतच होता. रविवारी मुलाचे मामा सुपारी फोडायला बेळगावात येणार.
इंदू सतराची. निघाल्यापासून गप्प. विचारलं तर, "बोट लागतीय, आप्पा." बोट लागलेलं माणूस इतकं ताठ बसत नाही.

८ फेब्रु. बोटीवर, संध्याकाळ.
जमेल तसं लिहितो.
सकाळी इंजिन बिघडलं. एका बेटाजवळ नांगर टाकला. दुरुस्तीला दुपार होणार, पाहिजे त्यांनी उतरून यावं, भोंगा झाला की परत. होडीनं गेलो. वस्ती नाही. पलीकडच्या टोकाला खडकावर जुनं देऊळ. छप्पर कधीच गेलेलं, खांब आडवे, नक्षी खाऱ्या वाऱ्यानं झिजलेली. मधे ओल्या वाळूची पट्टी, ती ओलांडून चालत गेलो.
आत काळ्या दगडाची देवी. नाक उडालेलं, पण उभी. आक्कानं तिथंच बसकण मारली. "गोपाळ, पोरीच्या लग्नाचा कौल हितंच लावूया."
म्हटलं, गुरव नाही, देवीचं नावसुद्धा माहीत नाही.
"मग आपलं नाव तिला सांगू की."
इंदूच्या वेणीतली दोन आबोलीची फुलं काढली, पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर लग्न करायचं, डावं पडलं तर मोडायचं. इंदू खांबाला टेकून बघत होती, पापणी न हलवता.
गावात फूल घटकाभरात वाळतं नि पडतं. इथं दमट खारट हवा. फुलं हलेनात. मी वैतागलो, येरझाऱ्या घातल्या. भोंगा झाला.
"चल आक्का."
"कौल अर्ध्यावर टाकून उठायचं न्हाय रं. देवीचा अपमान हुतोय."
दुसरा भोंगा. बाहेर आलो तर वाळू नाहीच! आलेली वाट पाण्याखाली. मी मास्तर, दरवर्षी भरती-ओहोटी शिकवतो, फळ्यावर चंद्र काढतो. आणि सकाळी ती पट्टी बघून मनात काय आलं, तर उन्हाळ्यात नदी आटते तशी आटलीय. आमच्याकडं आटलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही.
पलीकडून होडीवाला ओरडत होता, "पाणी चडता! बेगीन येवा!"
आक्काचा दंड धरून ओढत नेली. ती देवीला हात जोडतेय, मला शिव्या देतेय. पाणी कमरेला, मग छातीला. मागं वळलो तर इंदू अजून देवळात, देवीसमोर. "इंदेऽ!" घसा फाटेपर्यंत ओरडलो. निघाली. मधोमध लाट आली नि ती दिसेना. दिसेचना. होडीवाल्यानं उडी टाकून वेणीला धरून वर काढली.
माझी पोर गेली असती.

९ फेब्रु. रेल्वेत.
बोट सोडून रेल्वे धरली, गुंजी स्टेशन मागं पडलं. आक्का खिडकीकडं तोंड करून. "आता हो बी न्हाय आन् न्हाय बी न्हाय. देवी धरंल आपल्याला."
तर इंदू आपणहून बोलली. "आत्या, कौल पडला. तुम्ही पाण्यात उतरला, तेव्हा. मी बघितलं."
"कंचा गं? उजवा का डावा?"
इंदू माझ्याकडं बघत राहिली. "घरी गेल्यावर सांगते."

११ फेब्रु. बेळगाव.
घरात दुसरा विषय नाही. सौ. विचारून थकली, आक्का रुसून बसली. इंदूचं एकच, "सांगते."
मला वाटतं, काही पडलं नाही. दोन्ही फुलं अजून तिथंच चिकटलेली असतील. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. आम्ही मुलाच्या आईला विचारलं, दगडाच्या देवीला विचारलं. पोरीला कुणी विचारलं होतं?
दुपारी ती तांदूळ निवडत होती. जवळ बसलो. म्हटलं, "तू सांगशील तोच कौल. आक्काला मी सांभाळतो."
"आणि मामांना?"
"त्यांनाही."
म्हणाली, "आप्पा, तुम्हाला कुठला पडायला पाहिजे?"
मला उजवाच पाहिजे. तिच्या पाठीवर लग्नाच्या धाकट्या दोघी आहेत. खोटं बोलवेना. सूप तिच्याकडं सरकवलं. ती पुन्हा तांदळातले खडे काढायला लागली.

१२ फेब्रु. रविवार.
मामा आलेत. ओसरीवर बैठक, ताटात सुपारी, शेजारी अडकित्ता. आक्कानं त्यांच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. मामा हसले, "मग होऊ द्या, पोरीच्याच तोंडून ऐकू."
चष्म्याचं निमित्त करून आत आलोय. इंदू माजघराच्या दारात उभी, केसांत आज फूल नाही. जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं वर बघितलं. बेटावर देवीसमोर उभी होती, तेव्हाही चेहरा असाच असणार.
डावा म्हणाली तर सुपारीचं ताट, न फोडताच, मीच उचलून आत आणीन.
आक्काची हाक आली. "गोपाळ, ये रं. पोरगी सांगतीया."