या वेळी कॉलेज पाहायला पोरगी जाणार

बाबा,

रविवारी सकाळी आम्ही गाडीनं निघतोय. तुमची नात बारावीला आहे, वकील व्हायचं म्हणते, आणि जिथं शिकायचं ती कॉलेजं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावीत म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हा घाट घातलाय. नागपूरहून संभाजीनगर, तिथून पुणे, मग खाली बंगळुरू आणि परतताना हैदराबादवरून घरी. गाडी मी चालवणार आहे. तुमचे जावईही अधूनमधून चालवतील, पण वर्धा नदीचा पूल येईल तेव्हा स्टेअरिंगवर मीच असणार, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसावं एवढं त्यांना कळलंय.

परवा संध्याकाळी बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर या प्रवासाचाच खल चालला होता. जावयांना वाटेत वेरूळ बघायचं होतं, आणि तुमची नात म्हणत होती, "पप्पा, आपण पिकनिकले नाही चाललो." तेवढ्यात काका आले. आता काठी घेऊन चालतात, पण सक्करदऱ्याहून ऑटो करून महिन्यातून एकदा येतातच. चहा हातात घेतला, आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "पोरीले काहून नेऊन राहिली वं? मी अन् जवाई जातो ना, पाहून येतो. तुह्या टायमाले बी मी अन् दादाच गेलो होतो."

"म्हणूनच तर नेऊन राहिली, काका," मी म्हटलं.

तुम्हाला आठवत असेल आपल्या घरची रीत. कॉलेज बघायला जायचं ते घरातल्या मोठ्या पुरुषांनी, स्थळ बघायला जातात तसं. पाणी कसं आहे, विहार जवळ आहे का, अडीअडचणीला ओळखीचं घर आहे का, हे ते बघून येणार आणि होकार-नकार कळवणार. जिला तिथं शिकायचं तिचं तिथं काय काम? मला आर्किटेक्ट व्हायचं होतं. सक्करदऱ्याचं आपलं घर मी जुन्या कॅलेंडरांच्या मागं कितीदा काढलं होतं, कुठल्या खिडकीतून कधी ऊन येतं त्यासकट. तेव्हाच्या औरंगाबादला माझा नंबर लागला, आणि तुम्ही दोघं भाऊ एसटीनं कॉलेज बघायला निघालात. वाटेत खायला म्हणून चिवडा मी केला होता. माझ्याच कॉलेजला तुम्ही जाणार आणि मी घरी बसून चिवडा परतणार, यात काही चुकतंय असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. मलाही नाही. मी तर शेंगदाणे जास्त टाकले होते, तुम्हाला आवडतात म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परत आलात. पाय धुतले, पाणी मागितलं. मी पेला हातात दिला आणि समोर उभी राहिले. तुम्ही पाणी प्यालात, पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "दूर आहे." बस्स. मी काही विचारायच्या आत पेपर उघडलात. पुढच्या आठवड्यात माझं नाव इथंच बी.कॉम.ला घातलं गेलं, घरापासून सायकलनं जाता येईल अशा कॉलेजात.

आता मला बोलू द्या, कारण आता तुम्हाला पेपर उघडता येत नाही. तुम्ही गुरुजी होतात. वस्तीतल्या कोणाची पोरगी शाळेतून काढली की त्याच संध्याकाळी तुम्ही त्या घरी जायचात, दारातच ठाण मांडायचात. लहानपणी तुमचं बोट धरून मीही आले आहे. "भेता कायले? शिकली तं तुमचंच नाव काढीन," असं त्या बापांना समजावताना मी तुम्हाला ऐकलंय, आणि माझा ऊर भरून यायचा. भिंतीवरच्या ज्यांच्या फोटोसमोर तुम्ही रोज सकाळी मेणबत्ती लावायचात, ते शिकायला समुद्र ओलांडून गेले होते. आणि त्यांच्या नावानं भाषणं करणाऱ्या माझ्या बापानं मला वर्धा नदी ओलांडू दिली नाही. लोकाच्या पोरींना पंख आणि घरच्या पोरीला दावं! मी आज रामदासपेठेत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिलं बघते, बाबा. नकाशे माझ्या टेबलावरून जातात, दुसऱ्यांनी काढलेले. एखाद्या नकाशात स्वयंपाकघरात ऊन कुठून येणार तेच कळत नाही, तेव्हा माझा हात पेन्सिलीकडं जातो आणि मी तो मागं घेते.

तर परवा मी काकांना विचारलंच. "काका, तेव्हा तुम्ही दोघांनी तिथं पाहिलं तरी काय?"

काकांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "पाहिलं काहीच नाही वं. आत गेलोच नाही आमी."

"म्हणजे?"

"गेटासमोर चहाची टपरी होती. दादा म्हने, दम घेऊ. बसला तं उठेच ना. पोऱ्या ये-जा करून राहिल्या, हा पाहून राहिला. मी म्हटलं, चाल ना दादा, आतमदी साहेबाले भेटू. तं म्हने, इथं आपल्या ओळखीचं कोनी नाही. पोरगी बिमार पडली तं पानी कोन देईन तिले? दुपार झाली, अन् म्हने, चाल वापस. घरी सांगू नको म्हने."

जावयांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, आता ही रडणार. काकांनाही तेच वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "जीव होता त्याचा तुह्यावर."

मी रडले नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जीव होता हे मला काकांनी सांगायची गरज नव्हती. पण तुम्ही भ्यालात, बाबा. वस्तीतल्या दारोदार "भेता कायले" म्हणणारे तुम्ही, एका गेटासमोर चहाच्या टपरीवर बसून भ्यालात. भ्यायला माझी हरकत नाही. मला तसं सांगायचं होतं! "मला भीती वाटते" म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तुम्हाला गप्प करून गेले असते. पण "दूर आहे" याच्याशी कोण भांडणार? तुम्ही अंतर पुढं केलंत आणि स्वतः त्याच्यामागं लपलात. भीती तुमची होती, कॉलेज माझं गेलं.

म्हणून संभाजीनगरला वकिलीचं कॉलेज बघून झालं की मी गाडी त्या गेटाकडं नेणार आहे. टपरी असली तरी बसणार नाही. सरळ आत जाणार, वर्ग बघणार, खिडक्या बघणार, लेकीला दाखवणार की इथं तुझी आई शिकणार होती. कोणी हटकलं तर सांगेन, माझा नंबर लागला होता इथं, यायला उशीर झाला.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण एवढं सुनावल्यावर एक गोष्ट लपवली तर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? काका गेल्यावर मी भांडी घासत होते. नात तुमची ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, मले बंगलोरचंच आवडलं तं?" मी म्हटलं, "आवडू दे ना. आवडावं म्हणूनच तर चाललो." ती खूश होऊन बाहेर गेली. मग मी हातातला पेला विसळला, पालथा घातला आणि म्हणाले, "दूर आहे." अगदी तुमच्या आवाजात. नळ सुरू होता म्हणून कोणी ऐकलं नाही.